निसर्गचित्रकार कामीय पिसारो

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत दरसाल एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. राज्यकर्ते, संत, शास्त्रज्ञ व समाजसुधारक यांची चरित्रे आपल्या वाचनात पुष्कळ येतात. चित्रकाराचे चरित्र मात्र क्वचित येते. चित्रकला हा रिकामपणचा उद्योग होय, अशी समजूत आपल्या व्यापारी व नोकरदार कुटुंबांत अद्याप पुष्कळ आहे, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून यंदा आम्ही मुद्दाम कामीय पिसारो या चित्रकाराचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. आधुनिक निसर्गचित्रणाला ज्या थोड्या मंडळींनी नवी दिशा दिली, त्यांत तो वयाने वडील होता. आणि या चरित्रात ज्ञाती, विवाह, वडिलांची पेढी, कर्ज व संसार हे आपल्या परिचयाचे सर्व प्रश्न येतात.

पिसारोचा जन्म १० जुलै १८३० रोजी वेस्ट इंडीजमधील सेंट टॉमस नावाच्या बेटावर, शार्लट अमाली या बंदराच्या गावी झाला. हे बेट त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. पुढे १९१७ साली ते अमेरिकेने विकत घेतले. पिसारोचे घराणे ज्यू धर्माचे, मूळचे पोर्तुगालकडील व नंतर फ्रान्समधील बोर्दो येथे स्थायिक झालेले. त्याचे वडील फ्रेडरिक हे आपल्या मृत मामाच्या मालमत्तेची व्यवस्था पाहावयास म्हणून या बेटावर आले. तेथे मामाची विधवा पत्नी राशेल हिच्याशी त्यांचे मन जुळले व त्यांनी तिच्याशी लग्न केले. भाच्याने मामीशी विवाह करणे त्या लहानशा ज्यू समाजाला रुचणे शक्यच नव्हते. सिनेगॉगच्या कारभाऱ्यांनी हा विवाह मान्य केला नाही. अनेक वर्षे हे कुटुंब ज्ञातीबाहेरच राहिले. १८३३ साली अखेर मान्यता मिळाली, परंतु तोपर्यंत मने दुरावली होती. कामीय व त्याची भावंडे ज्ञातीच्या शाळेत गेली नाहीत; मोरेव्हियन मिशनच्या शाळेत, गुलामांच्या व स्वतंत्र झालेल्या निग्रो लोकांच्या मुलांशेजारी बसून ती शिकली.

वाळीत पडलेल्या घरातील मूल दोन प्रकारे वाढते असे आमच्या शिक्षकी आयुष्यात आम्हांस दिसून आले आहे. एक तर ते कडू होते. नाही तर जगातील सर्वच उपेक्षितांविषयी त्याला आपुलकी वाटू लागते. कामीयच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. पुढे त्याने रंगविलेल्या चित्रांत राजे, सेनापती व देवदेवता कोठेच नाहीत. शेतात वाकून काम करणाऱ्या बाया, बाजारात भाजी विकणाऱ्या मुली, गुराखी व लाकूडफाटा वाहणारे मजूर हेच त्यांत दिसतात.

बाराव्या वर्षी त्याला पॅरिसनजीक पासी येथील वसतिगृहयुक्त शाळेत पाठविण्यात आले. तेथील मुख्याध्यापक सावारी यांनी त्याचा चित्रकलेतील ओढा ओळखला व नजरेसमोर जे दिसते ते काढण्याचा सराव त्यास लावला. घरी परतल्यावर नारळाची झाडे काढीत जा, असे त्यांनी त्यास निरोपाच्या वेळी सांगितले, अशी आठवण सांगतात. एका मुख्याध्यापकाची ही दूरदृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. सतराव्या वर्षी मुलगा परत आला आणि वडिलांच्या पेढीवर लागला. बंदरात उतरणाऱ्या मालाची मोजदाद करावयाची व नोंदी ठेवावयाच्या, हे त्याचे काम. तो माल मोजी व त्याच वहीत किंवा शेजारच्या कागदावर हमाल, गलबते व झाडे काढीत असे. पाच वर्षे असे चालले. मग फ्रिट्झ मेल्बी नावाचा एक डॅनिश चित्रकार बेटावर आला, दोघांची मैत्री झाली, आणि १८५२ साली कामीय पेढी सोडून त्याच्याबरोबर व्हेनेझुएला देशात निघून गेला. काराकास व ला ग्वायरा येथे त्याने दोन वर्षे केवळ चित्रे काढण्यात घालविली. वडिलांच्या मनाची स्थिती काय झाली असेल, ते पेढीवाल्या वाचकांस सांगावयास नकोच. तथापि मुलगा परत आला तेव्हा त्यांनी हट्ट सोडला आणि १८५५ साली त्याला चित्रकलेच्या शिक्षणासाठी पॅरिसला जाऊ दिले. जन्मगावी तो पुन्हा कधी परतला नाही. मात्र डेन्मार्कचे नागरिकत्व त्याने अखेरपर्यंत सोडले नाही, आणि फ्रेंच चित्रकार म्हणून जगप्रसिद्ध असलेला हा पुरुष कायद्याने फ्रेंच कधीच झाला नाही.

त्या काळी पॅरिसमध्ये चित्रकाराचे भवितव्य सालों या सरकारी प्रदर्शनावर अवलंबून असे. तेथील परीक्षक मंडळ ज्याचे चित्र स्वीकारील तो चित्रकार, बाकीचे हौशी. परीक्षकांना पुराणकथा, इतिहास व गुळगुळीत रंगकाम प्रिय असे. निसर्गचित्राचा दर्जा खालचा मानीत. घराबाहेर जाऊन फार तर कच्ची टिपणे करावयाची आणि पक्के चित्र कार्यशाळेत बसून, तपकिरी व काळ्या रंगांच्या पायावर उभारावयाचे, अशी रीत होती. कोरो या वृद्ध व थोर निसर्गचित्रकाराकडून पिसारोने उजेड व छाया यांचे तोल सांभाळावयास शिकून घेतले, आणि १८६४ व १८६५ च्या सालोंमध्ये स्वतःस कोरोचा शिष्य म्हणवून घेतले. परंतु त्याने एक पाऊल पुढे टाकले. कोरो चित्र घरी आणून पुरे करी. पिसारो ते जेथल्या तेथे, उघड्यावरच पुरे करू लागला. झाड जेथे उभे आहे तेथेच चित्रफलकाची घोडी उभी करावयाची. ऊन बदलले की हात थांबवावयाचा. वरवर ही गोष्ट किरकोळ वाटते. पण पुढील सर्व क्रांती तिच्यातून निघाली.

याच सुमारास त्याच्या संसाराची सुरुवात झाली, आणि तीही सरळ झाली नाही. त्याचे आईवडील आता फ्रान्समध्ये येऊन राहिले होते. त्यांच्या घरी जुली व्हेले नावाची, बर्गंडी प्रांतातील द्राक्षमळेवाल्या शेतकऱ्याची मुलगी स्वयंपाकघरात कामास होती. ती कॅथलिक धर्माची. कामीयचे तिच्यावर प्रेम बसले. जिने स्वतः ज्ञातीचा कोप सोसला होता, त्या राशेलबाईंनीच या सुनेस घरात घेण्याचे नाकारले! मनुष्यस्वभावाचा हा खेळ मोठा विलक्षण आहे. सासुरवास भोगलेली सासू सुनेस छळते, हे आपण आपल्याकडेही पाहतो. १८६३ साली थोरला मुलगा ल्युसियाँ जन्मला, तरीही आईची संमती मिळाली नाही. दोघांचे रीतसर लग्न लागले ते १८७१ च्या जून महिन्यात, लंडनजवळ क्रॉयडन येथे, तेव्हा जुली पुन्हा गरोदर होती. या बाईने पुढे जे सोसले त्याचा विचार करता, हे चरित्र निम्मे तिचेच आहे असे आमचे मत आहे.

लंडनला जाण्याचे कारण युद्ध. १८७० साली फ्रान्स व प्रशिया यांच्यात लढाई जुंपली. पिसारो त्या वेळी पॅरिसपासून जवळ लूव्हसिएन येथे राहत होता. शत्रू जवळ येताच अंगावरच्या वस्त्रांनिशी कुटुंब बाहेर पडले. चित्रे घरातच राहिली. प्रशियन सैनिकांनी ते घर ताब्यात घेतले. बागेत चिखल फार म्हणून त्यांनी चित्रांचे कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्यांवरून ये-जा केली, असे सांगतात. वीस वर्षांच्या श्रमातून तयार झालेल्या सुमारे दीड हजार चित्रांपैकी परत आल्यावर चाळीसच हाती लागली. त्या वेळी त्याचे वय एक्केचाळीस होते. दुसरा एखादा मनुष्य या आघाताने खचून गेला असता. पिसारो पुढच्याच वर्षी पोंत्वाझ या गावी गेला आणि नव्या कॅनव्हासवर काम करू लागला.

लंडनमधील महिने वाया गेले नव्हते. तेथे त्याने नॉरवुडचे रस्ते, क्रिस्टल पॅलेस व लॉर्डशिप लेनचे रेल्वे स्टेशन रंगविले. तेथेच मोने या मित्रासमवेत टर्नर व कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारांची चित्रे पाहिली, आणि पॉल द्युराँ-र्‍युएल या चित्रविक्रेत्याची भेट झाली. हाच विक्रेता पुढे या मंडळींचा आधार ठरला.

पोंत्वाझ येथील दहा-बारा वर्षे हा पिसारोच्या कलेचा बहराचा काळ. नवी पद्धत नेमकी काय होती, हे येथे सांगितले पाहिजे. आमच्या वर्गातील मुलांना झाडाची सावली रंगवावयास सांगितली की ती नि:शंकपणे काळा रंग घेत. त्यांना बाहेर उन्हात नेऊन सावलीकडे नीट पहा म्हटले, म्हणजे त्यांतील एखाद्याला ती निळसर किंवा जांभळट असल्याचे दिसे. पिसारो व त्याचे मित्र यांनी हेच केले. त्यांनी रंगपाटीवरून काळा व मातकट रंग जवळजवळ हद्दपार केले. तांबडा, पिवळा, निळा व त्यांच्यापासून निघणारे रंग एवढ्यांवर भागविले. बर्फावरील सावली निळी, उन्हातील गवत पिवळसर, धुक्यातील टेकडी जांभळी, जसे दिसेल तसे लहान लहान फटकाऱ्यांनी मांडले. वस्तू कशी आहे याहून त्या क्षणी ती डोळ्यांना कशी भासते यावर त्यांचा भर होता. म्हणूनच आपल्याकडे या पंथास दृक्प्रत्ययवाद असे नाव मिळाले आहे. मोनेची ओढ पाण्याकडे, तर पिसारोची मातीकडे. नांगरलेली शेते, कोबीचे वाफे, गावची पायवाट, झाडांच्या फांद्यांमधून डोकावणारी तांबडी छपरे हे त्याचे विषय होते. कोबी काय रंगवावयाचा, म्हणून टीकाकार हसत.

सालोंकडून वारंवार होणाऱ्या अवहेलनेस कंटाळून या मंडळींनी स्वतःचीच संस्था काढण्याचे १८७३ अखेर ठरविले. संस्थेची नियमावली करण्याचे काम पुष्कळसे पिसारोने अंगावर घेतले, आणि त्यासाठी नमुना म्हणून पोंत्वाझच्या पाववाल्यांच्या संघाची घटना पुढे ठेवली! सर्व सभासदांचे हक्क समान, परीक्षक मंडळ नाही, बक्षिसे नाहीत. आपल्या ज्ञातीची पतपेढी व वसतिगृह चालविणाऱ्या मंडळींना या गोष्टीचे कौतुक वाटेल. पहिले प्रदर्शन १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या जागेत उघडले. एक महिन्यात सुमारे साडेतीन हजार लोक येऊन गेले, त्यांतील बरेचसे हसण्यासाठी. पिसारोने पाच चित्रे ठेवली होती. त्यांपैकी शेतावर पडलेल्या हिमाचे चित्र पाहून, रंगपाटी खरवडून कॅनव्हासवर फासली आहे अशा अर्थाची थट्टा एका पत्रकाराने केली. त्याच चित्रात, चौकटीत नसलेल्या झाडांच्या सावल्या शेतावर पडलेल्या दाखविल्या आहेत, म्हणून दुसऱ्या टीकाकाराने दोष काढला. आम्हांस तर तीच त्या चित्रातील मौज वाटते. चौकटीबाहेरही जग आहे हे त्या सावल्यांमुळे कळते. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या माथी साडेचौऱ्याऐंशी अधिक शंभर, म्हणजे १८४॥ फ्रँक देणे निघाले व ती संस्था मोडली.

लोक हसत होते त्या दिवसांत पिसारोच्या घरी काय चालले होते, ते कोणास ठाऊक नव्हते. प्रदर्शन उघडण्याच्या थोडेच दिवस आधी, त्याच एप्रिल महिन्यात, त्याची लाडकी मुलगी मिनेत वारली होती.

पुढची दहा वर्षे दारिद्र्याची गेली. एकंदर आठ अपत्ये झाली. त्यांतील एक मुलगी तान्हेपणीच गेली. जुलीबाई परसात भाजीपाला लावीत, कोंबड्या व ससे पाळीत आणि त्यावर संसार ओढीत. १८७८ साली एका धनिकाचा संग्रह दिवाळखोरीत लिलावास निघाला, तेव्हा पिसारोची काही चित्रे सात-दहा फ्रँकांस गेली. म्यूरेर नावाचा एक मिठाईवाला या चित्रकारांचा स्नेही होता. त्याने पिसारोस मदत व्हावी म्हणून त्याच्या चित्रांची सोडत काढली. एका मोलकरणीस चित्र लागले. तिने ते पाहून, त्याऐवजी मला मलईचा पाव द्या असे म्हटले, अशी गोष्ट सांगतात. जुलीबाईंचा संताप आपण समजू शकतो. चित्रे सोडून मुलांच्या पोटाचे पहा, असे त्या वारंवार म्हणत. पिसारो ऐकून घेई व दुसऱ्या दिवशी पुन्हा घोडी घेऊन शेतात जाई. यास कोणी निष्ठा म्हणेल, कोणी बेफिकिरी म्हणेल. आमच्या मते दोन्हींचा त्यात अंश होता, आणि त्याची किंमत बायकोने मोजली हे लपविण्यात अर्थ नाही.

शिक्षक म्हणून मात्र पिसारोची योग्यता फार मोठी. सेझान हा अत्यंत तापट व संशयी स्वभावाचा मनुष्य. कोणाशी त्याचे पटत नसे. तो पोंत्वाझला येऊन पिसारोशेजारी घोडी मांडून बसला, त्याच्या एका चित्राची हुबेहूब नक्कल करून पद्धत समजून घेतली, आणि काळे, जाड थर सोडून उजळ रंगांकडे वळला. शेअरबाजारात दलाली करणारा गोगँ सुट्टीच्या दिवशी शिकावयास येई. व्हॅन गॉगच्या भावाने आजारी भावासाठी सल्ला मागितला, तेव्हा ओव्हेर येथील डॉक्टर गाशे यांचे नाव पिसारोनेच सुचविले. दृक्प्रत्ययवाद्यांची १८७४ ते १८८६ या काळात आठ प्रदर्शने झाली. भांडणे होऊन कोणी एकदा गैरहजर, कोणी दोनदा. आठही प्रदर्शनांत ज्याची चित्रे होती असा एकटा पिसारोच.

पंचावन्नाव्या वर्षी त्याने जे केले ते पाहून आम्हांस अधिकच आश्चर्य वाटते. सरा व सिन्याक हे दोघे तरुण चित्रकार त्यास भेटले. सराचे वय पंचविशीचे. रंग पाटीवर मिसळण्याऐवजी शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवावयाचे, म्हणजे दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच त्यांचे मिश्रण होऊन तेज वाढते, अशी त्यांची शास्त्रीय पद्धत होती. पांढऱ्या दाढीचा पिसारो मुलाच्या वयाच्या या तरुणाचा विद्यार्थी झाला. जुने मित्र नाराज झाले, द्युराँ-र्‍युएलला ही चित्रे आवडेनात. एकेक चित्र पुरे होण्यास महिने लागत, त्यामुळे उत्पन्न आणखी घटले. चार-पाच वर्षे त्याने ही पद्धत प्रामाणिकपणे चालविली. मग ठिपक्यांच्या शिस्तीत आपली क्षणाक्षणाची अनुभूती मरते असे वाटताच ती तितक्याच मोकळेपणी सोडून दिली. मात्र ठिपक्यांनी दिलेली रंगांची शुद्धता त्याच्या कुंचल्यात कायमची राहिली.

१८८४ पासून तो एरान्यी या खेड्यात राहत होता. १८९२ मध्ये ते घर विकावयास निघाले. पिसारो लंडनला गेलेला असताना जुलीबाई त्याला न कळविता मोनेकडे गेल्या आणि पंधरा हजार फ्रँकांचे कर्ज मागून आल्या. घर राहिले. त्याच वर्षी द्युराँ-र्‍युएलने भरविलेल्या मोठ्या प्रदर्शनाने पिसारोचे नाव झाले व चित्रांस बऱ्या किमती येऊ लागल्या. तो साठीच्या पुढे गेला होता.

सुख आले ते डोळ्यांच्या आजाराबरोबर. अश्रुनलिकेच्या विकारामुळे वारा व धूळ सोसवेना; उघड्यावर काम करणे, जो त्याचा प्राण, तेच अवघड झाले. तेव्हा त्याने हॉटेलांच्या वरच्या मजल्यांवर खोल्या घेऊन खिडकीतून खाली दिसणारे शहर रंगविण्यास सुरुवात केली. रुआँचे पूल व धक्के, पॅरिसमधील मोंमार्त्रचा राजमार्ग, ऑपेराचा रस्ता, त्विलरीची बाग. १८९७ च्या आरंभी एकाच खिडकीतून मोंमार्त्रच्या त्याच रस्त्याची त्याने चौदा चित्रे केली: सकाळ, धुके, पाऊस, मिरवणूक, आणि रात्रीचे दिवे. शेतातील कोबीच्या वाफ्यांकडे ज्या नजरेने पाहिले, त्याच नजरेने त्याने गाड्याघोड्यांची व माणसांची ती गर्दी पाहिली. माणूस म्हणजे कुंचल्याचा एक ठिपका, तरी तो घाईत आहे की रेंगाळत आहे ते आपणांस कळते. या मालिकेतील वसंतातील सकाळचे चित्र जर्मनीतील एका ज्यू संग्राहकास नाझी राजवटीत १९३५ साली विकणे भाग पडले. २००० साली ते त्याच्या वारसांस परत मिळाले, आणि २०१४ मध्ये लंडनच्या लिलावात त्यास दोन कोटी पौंडांच्या घरात किंमत आली.

त्याच १८९७ साली तेवीस वर्षांचा मुलगा फेलिक्स क्षयाने लंडनमध्ये वारला. शिवाय ड्रायफस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला होता. एका ज्यू लष्करी अधिकाऱ्यास देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. पिसारो धर्मकर्म न मानणारा. ज्या ज्ञातीने त्याच्या आईबापांस दूर लोटले तिच्याशी त्याचा संबंध नावापुरताच होता. तरीही तो निर्भयपणे ड्रायफसच्या बाजूने उभा राहिला. देगा व रन्वार या जुन्या मित्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. देगाने तर रस्त्यात ओळख दाखविणेही सोडले. बालपणी ज्ञातीने दार लावले, म्हातारपणी ज्ञातीमुळे मित्रांनी लावले. पिसारोने कोणाविरुद्धही दार लावल्याचे आम्हांस आढळत नाही.

१३ नोव्हेंबर १९०३ रोजी पॅरिसमध्ये तो मृत्यू पावला. वय त्र्याहत्तर. त्याच वर्षी काढलेल्या अखेरच्या स्वचित्रात डोक्यावर हॅट, नाकावर उतरलेला चष्मा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आणि पाठीमागे खिडकी व खिडकीतून दिसणारी पॅरिसची घरे आहेत. तीन वर्षांनी सेझानने आपल्या गावच्या प्रदर्शनात चित्रे ठेवली, तेव्हा तो स्वतः मान्यता पावलेला सदुसष्ट वर्षांचा वृद्ध होता. तरी यादीत आपल्या नावापुढे त्याने पिसारोचा शिष्य असे लिहविले.

जुलीबाईंनी मुलांना चित्रकार होऊ देऊ नये म्हणून पुष्कळ प्रयत्न केले. पाचही मुलगे चित्रकारच झाले. थोरल्या ल्युसियाँने लंडनमध्ये छापखाना काढला व त्यास खेड्याच्या नावावरून एरान्यी प्रेस असे नाव दिले. वडिलांनी त्याला लिहिलेली पत्रे १९४३ साली पुस्तकरूपाने निघाली. पिसारोविषयी आज जे कळते त्यातील पुष्कळ भाग त्या पत्रांतूनच कळतो. जुलीबाई नवऱ्यामागे तेवीस वर्षे जगल्या. मोनेकडून कर्ज काढून राखलेल्या एरान्यीच्या त्या घरीच १९२६ साली त्यांचा अंत झाला.